गोल्ड कोस्ट: ऑस्ट्रेलियाचा सोनेरी किनारा पंपांवर कसा टिकून आहे?

६ नोव्हेंबर २०२५. सूर्यकुमार यादवच्या भारतीय संघाने ऑस्ट्रेलियाला टी-२० सामन्यात ४८ धावांनी हरवलं. हा सामना सिडनी किंवा मेलबर्नमध्ये नव्हता. तो होता क्वीन्सलँड राज्यातल्या गोल्ड कोस्टला, कराराच्या मैदानावर. क्रिकेटच्या निमित्ताने भारतात अनेकांनी या शहराचं नाव पहिल्यांदा ऐकलं. बाकीच्यांना ते आधीपासून माहीत होतं, पण टूर कंपन्यांच्या जाहिरातींमुळे: निळं पाणी, सोनेरी वाळू, उंच टॉवर, लाटांवर स्वार झालेली पोरं आणि मागे हिरवेगार डोंगर.

याच शहरात बरोबर आठ महिने आधी अनेक किनाऱ्यांवर उतरायला वाळूच उरली नव्हती. जिथे लोक टॉवेल पसरून ऊन खात पडायचे, तिथे माणसापेक्षा उंच, उभे कडे तयार झाले होते. ठिकठिकाणी किनाऱ्यावर जायचे रस्ते बंद करावे लागले.

मग सामन्यापर्यंत वाळू परत कुठून आली? काही समुद्राने परत आणून दिली, काही माणसांनी ओतली. पण खरी गोष्ट त्याही आधीची आहे. गोल्ड कोस्टचा जो किनारा 'निसर्गाची देणगी' म्हणून विकला जातो, तो गेली जवळपास ६० वर्षं पंप, पाइप, ड्रेजर आणि दगडी भिंती यांच्या जोरावर उभा आहे. आणि त्याच्या पाठीशी जे जंगल आहे, त्याला असा कुठलाच पंप लावता येत नाही.

आल्फ्रेडने काय केलं?

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस कोरल समुद्रात 'आल्फ्रेड' हे चक्रीवादळ तयार झालं. अशी वादळं एरवी क्वीन्सलँडच्या उत्तर भागात, म्हणजे केर्न्स, टाउन्सव्हिलच्या बाजूला धडकतात. राज्याच्या आग्नेय कोपऱ्याला, म्हणजे ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्टच्या पट्ट्याला, १९७४ नंतर थेट चक्रीवादळाचा तडाखा बसला नव्हता. त्यामुळे तिथल्या एका अख्ख्या पिढीला हा अनुभवच नव्हता.

८ मार्चला आल्फ्रेड ब्रिस्बेनच्या उत्तरेला जमिनीवर आलं तेव्हा त्याचा जोर ओसरला होता. वाऱ्याने अपेक्षेपेक्षा कमी नुकसान केलं, तरी तीन लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. किनाऱ्याचं नुकसान मात्र वादळ जमिनीवर येण्याच्या आधीच झालं होतं. आल्फ्रेड समुद्रात रेंगाळलं. दिवसामागून दिवस मोठ्या लाटा किनाऱ्यावर आपटत राहिल्या. गोल्ड कोस्टजवळच्या लाटामापक यंत्राने १२ मीटरपेक्षा उंच लाट नोंदवली, म्हणजे साधारण चार मजली इमारतीएवढी. किनारे बंद असताना, दंडाची ताकीद दिलेली असतानाही काही सर्फर याच लाटांवर उतरले होते. 'हौसेला मोल नाही' हे तिकडेही खरं आहे.

वादळ गेल्यावर जे दिसलं त्याने स्थानिकांना धक्का बसला. वाळूखाली दशकानुदशकं गाडल्या गेलेल्या दगडी भिंती उघड्या पडल्या. या भिंती अपघाताने तिथे नाहीत. किनाऱ्यालगत इमारत बांधायची असेल, तर पालिकेने ठरवलेल्या रेषेवर अशी भिंत बांधण्याची अट असते. वरती वाळू, झुडपं आणि हिरवळ आणि खाली मोठमोठे धोंडे. कोकणात ज्याला धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात, तीच कल्पना. फरक इतकाच की तो बंधारा वाळूखाली झाकलेला असतो, म्हणून पर्यटकाला दिसत नाही.

मुळात ही वाळू कुणाची?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर लाटा बहुतेक वेळा आग्नेयेकडून, म्हणजे तिरक्या येतात. तिरकी लाट वाळू उचलते आणि थोडी पुढे, उत्तरेला नेऊन ठेवते. पुढची लाट आणखी थोडी पुढे. अशी वाळूची एक न दिसणारी नदी न्यू साउथ वेल्स राज्यातून उत्तरेकडे वाहत असते. दरवर्षी सुमारे ५ लाख घनमीटर वाळू या वाटेने गोल्ड कोस्टमध्ये येते आणि जवळपास तेवढीच पुढे निघून जाते. आपल्याकडच्या हिशेबात सांगायचं तर पावणेदोन लाख ब्रास.

म्हणजे गोल्ड कोस्टवरची वाळू ही गोल्ड कोस्टची नाहीच. ती वाटेवरची पाहुणी आहे. येणं आणि जाणं सारखं असेल तोवर किनारा जागेवर दिसतो. येणं थांबलं की जाणं सुरूच राहतं आणि किनारा खंगत जातो.

नेमकं तेच १९६० च्या दशकात झालं. दोन राज्यांच्या सीमेवर ट्वीड नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी वाळू साचायची, मासेमारी बोटींना अडचण व्हायची. म्हणून १९६२ ते १९६५ दरम्यान मुखावरचे दगडी बांध समुद्रात आणखी लांबवले. बोटींची सोय झाली, पण उत्तरेकडे जाणारी वाळू बांधाच्या दक्षिणेला अडकली. बांध न्यू साउथ वेल्समध्ये, उपाशी किनारा क्वीन्सलँडमध्ये. आंतरराज्य पाणीवाद आपल्याला नवे नाहीत, हा वाळूवाद होता.

त्यातच १९६७ उजाडलं. त्या एका वर्षात एकामागून एक वादळं आली आणि सुमारे ८० लाख घनमीटर वाळू किनाऱ्यावरून गेली. घरं वाचवायला लोक किनाऱ्यावर दिसेल ते टाकत होते. त्यानंतर सरकारने समुद्राशी झुंजण्यात हयात घालवलेल्या डच लोकांना गाठलं. डेल्फ्ट इथल्या तज्ज्ञांच्या अहवालाने १९७० च्या सुमारास किनारा राखण्याची दिशा ठरवली. भिंती हव्यात, पण नुसत्या भिंतींनी भागणार नाही, किनाऱ्याला वाळू भरवत राहावी लागेल, हा त्यातला गाभा.

नदीखालून जाणारी वाळू

आज काय होतं ते पाहा. ट्वीड नदीच्या दक्षिणेला समुद्रात एक लांब धक्का काढलेला आहे. त्याच्या खाली पंप बसवले आहेत. वाळू तिथे आली की पंप ती पाण्यासकट ओढून घेतात. मग ती पाइपमधून, नदीच्या खालून, पलीकडे क्वीन्सलँडच्या बाजूला नेऊन सोडली जाते. २००१ पासून ही यंत्रणा चालू आहे आणि तिचा खर्च दोन्ही राज्यं वाटून घेतात.

शहराच्या उत्तर टोकाला दुसरी तशीच यंत्रणा आहे. साउथपोर्टजवळ बोटींसाठी १९८६ मध्ये समुद्राकडे जाणारा कायमचा मार्ग काढला, तेव्हा ट्वीडची चूक पुन्हा होऊ नये म्हणून बांधकामातच पंप बसवले. इथे वाळू उचलून साउथ स्ट्रॅडब्रोक बेटावर पाठवली जाते. थोडक्यात, एका दारातून वाळू पंपाने आत येते आणि दुसऱ्या दारातून पंपाने बाहेर जाते.

मधल्या पट्ट्यातही काही ना काही चालूच असतं. २०१७ मध्ये खोल समुद्रातून ३० लाख घनमीटर वाळू ड्रेजरने उपसून किनाऱ्यालगत टाकली गेली. नॅरोनेक आणि पाम बीच इथे लाटांचा जोर तोडायला पाण्याखाली कृत्रिम रीफ बांधले आहेत. किनाऱ्याजवळ टॉवरचा पाया खणताना निघणारी स्वच्छ वाळू बिल्डरला बाहेर विकता येत नाही, ती किनाऱ्यावर परत जावी लागते. महाराष्ट्रातल्या वाळूच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाला हा नियम जरा परीकथेसारखा वाटेल.

आता यातली गंमत. ट्वीडच्या पंपांनी सोडलेल्या वाळूमुळे स्नॅपर रॉक्सपासून किराच्या दिशेने वाळूचा एक लांबच लांब पट्टा पाण्याखाली तयार झाला. त्याला 'सुपरबँक' म्हणतात. त्यावर फुटणारी लाट इतकी लांब आणि सुबक असते की जगभरचे सर्फर तिच्यासाठी येतात. २०१६ मध्ये या किनाऱ्याला 'वर्ल्ड सर्फिंग रिझर्व्ह' हा मान मिळाला. ज्या लाटेचं नैसर्गिक ठेवा म्हणून कौतुक होतं, ती घडते पंपाच्या वाळूवर.

पण एकाचं भलं झालं तेव्हा दुसऱ्याचं बिघडलं. किराची जुनी, दंतकथा बनलेली लाट सुरुवातीच्या वर्षांत जास्त वाळूखाली गाडली गेली. किनारा एवढा रुंद झाला की पाण्यापर्यंत पोचायलाच बराच वेळ चालावं लागे. आधी वाळू नाही म्हणून ओरड होती, मग वाळू फार झाली म्हणून ओरड झाली. पंपाला आकडा कळतो, लाटेचा आकार कळत नाही.

आल्फ्रेडनंतर याचं दुसरं टोक दिसलं. मे २०२५ मध्ये जागतिक सर्फिंग लीगची स्पर्धा स्नॅपर रॉक्सला होणार होती. वादळाने सुपरबँकची वाळू अशी विस्कटली की स्पर्धा बर्ली हेड्सला हलवावी लागली.

मग आठ महिन्यांत किनारा कसा भरला?

वादळाने नेलेली सगळी वाळू कायमची जात नाही. मोठ्या लाटा ती ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर, पाण्याखाली दांड्यासारखी रचून ठेवतात. हा दांडा पुढच्या लाटांना आधीच फोडतो, म्हणजे किनारा स्वतःचाच बचाव करत असतो. समुद्र शांत झाला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. याला महिने लागतात, कधी वर्षं. पर्यटनावर चालणाऱ्या शहराला तेवढी सवड नसते, म्हणून पालिका यंत्रं लावून निसर्गाचा वेग वाढवते.

हे शहाणपणाचं आहे का? आतापर्यंतचा अनुभव सांगतो की हो. ६ लाखांहून जास्त वस्तीचं शहर किनाऱ्यावर एकदा उभं राहिलं की ते मागे सरकवता येत नाही. पण हा खर्च एकदाचा नाही, कायमचा आहे. समुद्राची पातळी वाढते आहे आणि आल्फ्रेडसारखी वादळं दक्षिणेला येऊ शकतात हे आता सिद्ध झालं आहे. त्यामुळे तो वाढतच जाणार. १९५८ मध्ये 'गोल्ड कोस्ट' हे नाव अधिकृत झालं, त्याआधी या पट्ट्याला नुसतं 'साउथ कोस्ट' म्हणत. 'गोल्ड' हा शब्द पत्रकारांनी रूढ केला, तो वाळूच्या रंगावरून कमी आणि जमिनीच्या भावावरून जास्त.

डोंगरात पंप चालत नाही

किनाऱ्यावरून गाडी पश्चिमेला वळवली की तासाभरात माणूस वेगळ्याच जगात पोचतो. स्प्रिंगब्रूक, लॅमिंग्टन, टॅम्बोरीन. उन्हाऐवजी धुकं, वाळूऐवजी शेवाळ. स्प्रिंगब्रूकच्या काही भागांत वर्षाला जवळपास ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो.

हे जंगल इथेच का, याचं उत्तर सह्याद्री पाहिलेल्याला लगेच समजेल. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड ज्वालामुखी होता. त्याचा मध्य म्हणजे आजचा वोलम्बिन हा सुळका, ज्याला इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकने माउंट वॉर्निंग नाव दिलं. लाव्हारस दूरवर पसरला, त्याचा बेसाल्ट झाला, बेसाल्टची सुपीक माती झाली. समुद्रावरून येणारे ढग या कड्यांना अडतात आणि तिथेच रिते होतात. किनाऱ्यावरचं बर्लीचं टेकाडसुद्धा याच ज्वालामुखीचा तुकडा. स्थानिक युगाम्बे भाषिक आदिवासींसाठी ते 'जेलर्गल' आहे, त्यांच्या पवित्र स्थळांपैकी एक.

हे जंगल ज्या जागतिक वारशाचा भाग आहे, त्याचं नाव 'गोंडवाना रेनफॉरेस्ट्स ऑफ ऑस्ट्रेलिया'. गोंडवाना हे नाव तिथलं नाही. गोंड लोकांच्या मुलखाचं, म्हणजे आपल्या गडचिरोली-चंद्रपूरपासून मध्य प्रदेश-छत्तीसगडपर्यंत पसरलेल्या प्रदेशाचं ते नाव. एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांनी मध्य भारतातल्या खडकांच्या थरांना ते दिलं. पुढे एडुआर्ड झ्यूस यांनी ते प्राचीन महाखंडासाठी वापरलं. भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, आफ्रिका, दक्षिण अमेरिका हे सगळे तेव्हा एकत्र होते. स्प्रिंगब्रूकच्या माथ्यावर अंटार्क्टिक बीच नावाची झाडं आहेत, त्या काळाशी नातं सांगणारी. त्यातल्या काहींच्या बुंध्यांचं वय २,००० वर्षांहून जास्त मानलं जातं.

अशी जंगलं ओली असतात, म्हणून ती सहसा पेटत नाहीत. इथली झाडं निलगिरीसारखी आगीशी जुळवून घेतलेली नाहीत. एकदा होरपळली की बहुतेक परत फुटत नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये दुष्काळाने इतकं सुकवलं होतं की लॅमिंग्टनच्या कडेला आग आत शिरली आणि १९३३ पासून चालत आलेलं बिना बरा हे पर्यटक निवास जळून खाक झालं. त्या मोसमात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स मिळून या वारसा क्षेत्राचा निम्म्याहून जास्त भाग आगीच्या तडाख्यात सापडला. बिना बरातलं काम पुन्हा सुरू झालं, निवास उभा करता येतो. होरपळलेलं वर्षावन ड्रेजरने आणून टाकता येत नाही.

त्याच कोरड्या काळात पाण्याचा प्रश्नही पेटला. टॅम्बोरीनच्या डोंगरावर नळयोजना नाही. लोक पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात किंवा बोअर मारतात. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या सरकारी शाळेची बोअर आटली आणि शाळेला टँकरने पाणी आणावं लागलं. त्याच डोंगरातून बाटलीबंद पाण्याच्या उद्योगासाठी उपसलेलं पाणी भरून टँकर खाली जात होते. मराठवाड्यातल्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. मार्च २०२० मध्ये सरकारने स्प्रिंगब्रूकच्या भूजलातून नव्या व्यावसायिक उपशाला तात्पुरती मनाई केली.

हा प्रश्न फक्त डोंगरातल्या लोकांचा नाही. गोल्ड कोस्टचं पिण्याचं पाणी मुख्यतः हिन्झ धरणातून येतं आणि त्याची क्षमता सुमारे ११ टीएमसी, म्हणजे साधारण आपल्या पानशेतएवढी आहे. ते धरण भरतं याच डोंगरांतल्या ओढ्यांनी. किनाऱ्यावरच्या हॉटेलातला शॉवर स्प्रिंगब्रूकच्या ढगांवर चालतो. तरीही शहराच्या चर्चेत वादळानंतर वाळूचा मुद्दा रोज येतो, जंगलाचा येतो तो आग लागल्यावर. वाळू गेली की दुसऱ्या दिवशी दिसते आणि हॉटेलांचं बुकिंग रद्द होतं. जंगलाचं पाणी कमी झालं की ते कुठल्याच फोटोत येत नाही.

जाणार असाल तर

भारतातून दरवर्षी ४ लाखांहून जास्त लोक ऑस्ट्रेलियाला जातात. त्यातले बरेचसे मुलांना, भावंडांना भेटायला. ब्रिस्बेनमध्ये नातेवाईक असेल तर गोल्ड कोस्ट दीड तासाच्या आत.

तिकडे ऋतू उलटे. डिसेंबर ते मार्च उन्हाळा, पण पावसाचा आणि वादळांचाही काळ तोच. जून ते ऑगस्ट कोरडी, सौम्य थंडी आणि समुद्रात हंपबॅक देवमाशांची ये-जा. डोंगर आणि किनारा दोन्ही करायचं असेल तर हा काळ बरा.

पाण्यात उतरायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. सर्फचा किनारा म्हणजे जुहू किंवा अलिबाग नव्हे. वरून शांत दिसणाऱ्या पट्ट्यातच बऱ्याचदा आत खेचणारी ओढ असते. वाळू हलते तशी ही ओढही जागा बदलते, म्हणून जीवरक्षक झेंडे रोज नव्याने लावतात. ऑस्ट्रेलियातल्या बुडून मृत्यूंच्या अहवालांत, परदेशात जन्मलेल्यांमध्ये, भारतात जन्मलेल्यांचा उल्लेख वारंवार येतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जीव तोडून पोहू नका, तरंगत राहा आणि हात वर करा.

स्प्रिंगब्रूकमधल्या नॅचरल ब्रिज इथे गुहेत रात्री निळसर प्रकाशाचे ठिपके दिसतात. ते एका माशीच्या अळ्यांचे. मोबाइलचा फ्लॅश पडला की त्या विझतात आणि त्यांचं भक्ष्य हुकतं. रील काढायचीच असेल तर बाहेरच्या धबधब्याची काढा.

डोंगरात जायला ट्रेन नाही, गाडी लागते आणि रस्ते अरुंद आहेत. किनाऱ्यावर २०१४ पासून ट्राम धावते. ती दक्षिणेला विमानतळापर्यंत न्यायचा प्रस्ताव होता, पण पाम बीचच्या रहिवाशांचा विरोध तीव्र झाल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये क्वीन्सलँड सरकारने तो रद्द केला. २०३२ चं ऑलिंपिक ब्रिस्बेनला आहे आणि काही खेळ गोल्ड कोस्टला होतील. तेव्हाही विमानतळावर उतरणारा पाहुणा टॅक्सी, बस किंवा भाड्याची गाडीच शोधत असेल.